बारा पंगती, अठ्ठ्याऐंशी पानं

चांदूर रेल्वे,
सोमवार

प्रिय फारुख,

तुला सलाम, अनीसावहिनींना नमस्कार आणि तुझ्या अम्मीच्या गुडघ्याची मनापासून चौकशी. (मागच्या पत्रात तू उजवा लिहिला होतास, त्याआधी डावा. दोन्हींची चौकशी समजावी.) इकडे सर्व ठीक. आमच्या सौ. मैनाबाईंची प्रकृती तर गेल्या मंगळवारपासून फारच सुधारली आहे, कारण त्यांना हसायला विषय मिळाला. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच हसतोस आणि मुद्दा राहून जातो.

मुद्दा माझ्या 'झटपट गुणाकार वर्गा'चा. त्याचे फॉर्म तू तुझ्या अकोल्याच्या दुकानातून छापून दिलेस, तेव्हा रीतही तुला सांगितली होती. (तू जांभई दिलीस, म्हणून पुन्हा सांगतो.) सत्त्याण्णव गुणिले शहाण्णव. सत्त्याण्णव शंभराला तीन कमी, शहाण्णव चार कमी. सत्त्याण्णवातून चार काढले, त्र्याण्णव. तीन चोक बारा. त्र्याण्णवापुढे बारा मांडले की नऊ हजार तीनशे बारा. कागद नाही, पेन नाही. निवृत्त झाल्यापासून घरात मला भाजी निवडण्यापलीकडे कोणी काही विचारत नव्हतं. हा वर्ग चालला नसता तर माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, हे तुला सांगायला हरकत नाही.

मंगळवारी मारुतीच्या देवळापुढे रोडग्यांचं गावजेवण होतं. वर्गाच्या प्रात्यक्षिकासाठी इतकी माणसं पुन्हा कुठे मिळणार, म्हणून मी कमिटीकडून माईक मागून घेतला. (मागून घेतला हे कमिटीचं म्हणणं. मी उचलला.) सत्त्याण्णव-शहाण्णव झालं, टाळ्या पडल्या. अठ्ठ्याण्णव गुणिले अठ्ठ्याण्णव, नऊ हजार सहाशे चार, पुन्हा टाळ्या. तेवीस पालकांनी फॉर्म नेले. तेवढ्यात कणकेच्या परातीपाशी बसलेल्या पार्बताबाई ओरडल्या, "गुरुजी, पानं किती ते सांगा न! गोवऱ्या पेटून राहिल्या." (गावातले रोडगे गेली चाळीस वर्षं त्यांच्याच हाताखाली होतात. आकडा कळल्याशिवाय त्या गोळा वळत नाहीत, आणि निखारे कोणासाठी थांबत नाहीत.) कमिटीने सांगितलं, पंगती बारा, एका पंगतीला अठ्ठ्याऐंशी पानं. मी म्हटलं, हे तर माझंच काम.

आता बघ. अठ्ठ्याऐंशी शंभराला बारा कमी. बारा शंभराला अठ्ठ्याऐंशी कमी. अठ्ठ्याऐंशीतून अठ्ठ्याऐंशी गेले, शून्य. इथपर्यंत मी माईकवरून मोठ्याने बोललो. आता कमी पडलेल्यांचा गुणाकार करायचा, म्हणजे बारा गुणिले अठ्ठ्याऐंशी. तो कसा करायचा? रीतीने. अठ्ठ्याऐंशी शंभराला बारा कमी, बारा शंभराला अठ्ठ्याऐंशी कमी. फारुख, मी देवळापुढे, माईकवर, तीन वेळा त्याच दारातून आत गेलो आणि त्याच दारातून बाहेर आलो. साधा गुणाकार करावा हे सुचलं नाही असं नाही. पण रीत सोडली तर वर्ग कशाचा, म्हणून चौथ्यांदा सुरुवात केली.

तेव्हा पार्बताबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "काहून घुमून राहिले, गुरुजी? बारा ऐंशी नवशे साठ, बारा अठ्ठे शहाण्णव. एक हजार छप्पन पानं. पानाले चार रोडगे, चार हजार दोनशे चोवीस. वळा वं बायांनो!" आणि बाया वळायला लागल्यासुद्धा. माईक चालूच होता, त्यामुळे माझा श्वास सगळ्या गावाने ऐकला. मला फार लाज वाटली.

जेवायला मी मुद्दाम शेवटच्या पंगतीत बसलो. माझ्या पानात मोजून चार रोडगे पडले आणि डालं रिकामं झालं. एखादा कमी पडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं. वांग्याची भाजी उत्तम होती. संध्याकाळपर्यंत तेवीसच्या तेवीस फॉर्म परत आले. त्यातल्या एकावर भाजी सांडली होती.

असो. मला याचं काही वाटत नाही. अम्मींना गुडघा शेकायला सांग, जो असेल तो.

तुझा,
पुंजाराम

ता. क. फॉर्मची दुसरी खेप छापू नकोस. छापली असेल तर पाठीमागची बाजू कोरी आहे, पुड्यांना चालेल.

ता. क. २. खरं तर पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. काल दुपारी पार्बताबाई घरी आल्या. मला वाटलं, उरलेलं बोलायला. दारातूनच म्हणाल्या, "गुरुजी, मले सांगता येते, पण लिवता नाई येत. नातीनं वहीत आकडा दाखोला तं मले तो वळखता नाई आला. शिकवसान का?" चाळीस वर्षं चार-चार हजार रोडगे तोंडी मोजणाऱ्या या बाईंना चारचा आकडा काढता येत नाही, फारुख. वर्ग उद्यापासून सुरू. दुकानातून एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा पाठव.

ता. क. ३. पाट्या दोन पाठव. फी म्हणून त्या मला तोंडी हिशेब शिकवणार आहेत, आणि पहिल्या दिवशीचा गृहपाठ आधीच दिलाय: बाराचा पाढा.