न्हाणीसाठी तीन नमुने

५ जानेवारी, सोमवार
दुरुस्ती. काल लिहिलं, 'बाबा न्हाणीत घसरले.' चूक. बाबा घसरले नाहीत, लादी सुटली. अर्धांगानंतर ओढत टाकावा लागणाऱ्या डाव्या पायाचाही दोष नाही. चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची, हे बाबांनीच शिकवलं. मला शाळेत घालण्याआधी, खाणीच्या वजनकाट्यावरून घरी आले की पाटी घेऊन बसायचे.
नशीब, नुसतं कोपर खरचटलं. बाकीच्या लाद्या चमच्याने ठोकून बघितल्या. निम्म्या पोकळ. चार कोपऱ्यांत आणि मध्ये सिमेंटचे गोळे, बाकी हवा. असलं काम माझ्या हातून होणार नाही. आठवड्यात न्हाणी नवी.

८ जानेवारी
जुन्या लाद्या सगळ्या फोडून काढल्या. रुद्रेशला पटलं नाही. म्हणाला, आधी नवं काय ते ठरव गो सेजल, मग फोड. माझ्या भावाला दूरदृष्टी कमीच. तोवर बाबांची आंघोळ मागे परड्यात, ताडपत्रीच्या आडोशाला. दोन-चार दिवसांचा प्रश्न.

१३ जानेवारी
धारगळचा गवंडी शंभू मेस्त येऊन गेला. म्हणतो, सिमेंट-रेतीचा जाड माल घालू, लादी रात्रभर पाण्यात ठेवू, तुझ्या नातवंडांपर्यंत हलणार नाही. डिचोलीचा दुकानदार म्हणतो, माल जुना झाला, ॲडहेसिव्ह घ्या, दात्यांच्या पट्टीने ओढून पसरा, लादी भिजवायचीच नाही. वाळपईच्या आतेभावाने खाली नुसतं सिमेंटचं घट्ट पाणी ओतून लावली, त्याचीही अजून जागेवर आहे. तिघांचाही आवाज सारखाच ठाम. कुणाच्या शब्दावर जायचं नाही. तुलना करायची. मेस्ताला म्हटलं, सोमवारी फोन करते.

१९ जानेवारी, सोमवार
फोन केला नाही. आधी नमुने लावायचे हे त्याला कळणार नाही.

२२ जानेवारी
तीन नमुने लावले, तिघांच्या रीतीने एकेक लादी, स्वतः. मागच्या दारापासून ताडपत्रीपर्यंत जी सिमेंटची वाट आहे, तिच्यावर. मुद्दाम तिथे. रोजचं खरं पाणी, खऱ्या माणसाचं वजन. बाबांना सांगितलं, इथे पाय जरा उचलून टाका. म्हणाले, "बाय, खंयचीय लाव, पण आत लाव गो."
थंडीने कुडकुडत होते. अशा वेळी दिलेलं मत धरायचं नसतं.

३० जानेवारी
बाबा हल्ली लेंगा घालूनच आंघोळ करतात. शेजारच्या जानकीकाकीच्या खिडकीतून दिसतं म्हणे. काकीला विचारलं. म्हणाली, "मी कित्याक बघू गो? बघतच नाही. पण तुझे बाबा किती बारीक झाले!"
फाटकापर्यंत जायचं तरी शर्टाची वरची गुंडी लावणारा माणूस. उद्या ताडपत्री उंच बांधायची.

३१ जानेवारी
बांधली नाही. न्हाणी होणारच आहे, मग कशाला.

६ फेब्रुवारी
चमच्याने ठोकून बघितलं. तिन्ही भरीव. हे चांगलं नाही, एक तरी नापास व्हायला हवी होती. रुद्रेश म्हणाला, "देवाला रोज न्हाऊ घालतेस, तेही दार लावून. बाबांनी काय केलंय तुझं?" चिडलेल्या माणसाला तपशील ऐकू येत नाहीत. तो रविवारी मेस्ताला स्वतः आणणार होता. त्याला थांबवलं. पंधरा तारखेपर्यंत नक्की ठरवते म्हटलं.

११ फेब्रुवारी
बाबांनी काल आंघोळ केली नाही. परवाही नाही. घामच येत नाही म्हणाले. नमुन्यांवर पाणी कमी पडतंय. मीच दोन बालद्या ओतल्या.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
आज आंघोळ हवीच म्हणाले. मी पुढच्या खोलीत फटी भरायच्या पावडरीचे रंग बघत होते. त्यांनी हाक मारली नाही, एकटेच निघाले. डावं पाऊल पहिल्या लादीच्या कडेला अडलं, अंग बाकीच्या दोन लाद्यांवर. खुब्याचं हाड.
एकही लादी हलली नाही. तिन्ही शाबूत, म्हणजे बरोबरीच.
हे वाक्य लिहायला नको होतं. पण खोडायचं नाही.

२१ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, दोन महिने खाटेवर. पुढे उभे राहिले तरी पुष्कळ.
मी घरी आले तेव्हा रुद्रेश पहारीने नमुने काढत होता. लाद्या फुटल्या, पण सुटल्या नाहीत. कुठली जास्त चिवट होती हे मी विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
हॉस्पिटलात बाबांनी विचारलं, न्हाणी झाली? मी म्हटलं, झाली. कशावर लावली? मालावर. "बरं केलंस गो," म्हणाले आणि माझा हात थोपटला.
खोटं. आणि याची दुरुस्ती खाली लिहून होत नाही.
बाहेर येऊन शंभू मेस्ताला फोन केला. उद्याच यायला तयार होता. उद्या नको म्हटलं. मालावर म्हणून गेले खरी, पण ॲडहेसिव्हचं दुकानदाराला एकदा शेवटचं विचारायला हवं. बाबांना मंगळवारी घरी सोडणार. ते पुढच्या खोलीत खाटेवर असतील, न्हाणीपर्यंत येणार नाहीत. शंभूला सांगितलंय, ठोकताना आवाज करू नकोस.
त्याला वेळ दिली: गुरुवार, २६ फेब्रुवारी. सकाळी आठ.