दोन मिनिटांची सवय

काष्टी, गुरुवार, दिवेलागण

आज पुन्हा जळफळाट झाला. धाकटी जाऊ शालन ओट्यावर मेथी निवडत बसली होती, शेंगदाण्याच्या बरणीला फोन टेकवलेला, आणि फोनमध्ये तिचा जर्मनीतला मुलगा जेवत होता. तासभर दोघं बोलत होते. माझा महेश कॅनडातून आठवड्याला दोन मिनिटं बोलतो. न राहवून विचारलं, "बिल किती येतं गं?"

ती हसली. "अक्का, एवढी पुस्तकं वाचता अन् हे ठाव न्हाई व्हय? नेटवरून हाय, येगळं बिल न्हाई."

घरी येऊन वाचलं. खरंच आहे. आवाजाचे बारीक तुकडे नेटवरून जातात आणि पलीकडे जुळतात. जर्मनी काय, शेजारचं घर काय, रिचार्जमधला डेटा तेवढा लागतो.

मग महेशला दोन मिनिटांची सवय लावली कोणी? मीच. पूर्वी एसटीडी बूथवर फोन करताना हे मीटरकडे बोट दाखवायचे, तशी मी दर वेळी म्हणते, "ठेव आता, पैसे पडतात." तो म्हणायचा, "नाही पडत गं." मला वाटायचं, माझी समजूत काढतोय. हे जाऊन सहा वर्षं झाली, ते बोट काही गेलं नाही.

आत्ता त्याचा फोन आला. मीही बरणी आणली, फोन टेकवला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मी ठेव म्हटलं नाही. तो बोलता बोलता थांबला.

"आई, बरी आहेस ना? काय झालंय, खरं सांग."

शालनला तिचा मुलगा असं कधी विचारत नसेल.