आईचं आवतान

६ जाने.
सायलीची लग्नपत्रिका द्यायला मानपाड्याला माहेरी गेलेले. ताईने मला चहा कागदी कपात दिला. आम्ही मासे खातो म्हणून. त्याच घरात आम्ही दोघी बहिणी एका ताटात निवट्यांचं कालवण ओरपून मोठ्या झालो. गुरूंचा नाद लागल्यापासून ताईला काहीच आठवत नाही. विसरायचा आजार खरा आईला झालाय. मला म्हणाली, "कोनाची गो तू?"
माझ्या लेकीला हळदीला आजीच हवी. आई धवलारीण. पन्नास वर्षं गावातली लग्नं तिने धवले गाऊन लावली. भटजी तिच्यानंतर.

१२ जाने.
आईला सहज विचारलं, "आयो, पयलं आवतान कोनाला?" लगेच मान ताठ. देवांना लग्नाचं बोलावणं गाऊ लागली, एकवीरेपासून. लेकीचं नाव आठवत नाही, देवांची सगळी ओळीने.
ताई माळ घेऊन धावत आली. "आई, बंद! कोंबडं-दारू मागणारे देव आपल्याला बोलवायचे नाहीत." हल्ली अशी शुद्ध बोलते, तेही गुरूंकडेच शिकली. आईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, मार खाल्लेल्या पोरासारखं. म्हणजे हे रोजचं असणार. मी तिथे एक शब्द बोलले नाही. भेकड कुठली.

१३ जाने.
माजिवड्याला घरी बसून फोनवर मात्र तोंड सुटलं. म्हटलं, "देव्हाऱ्यातले टाक खाडीत सोडलेस, आता आईला तरी सोड."
ताई म्हणाली, "तुझ्या लग्नात धवलारीण नको, असं कोण म्हणालं होतं? ठाण्याच्या ऑफिसातले लोक हसतील म्हणून? आई कोपऱ्यात बसून होती, स्वतःच्या लेकीच्या मांडवात. तू लाजेपायी गप्प केलंस, मी धर्मासाठी करते. फरक काय?"
मी फोन ठेवला. फरक आहे. काय तो उद्या लिहीन.

२० जाने.
लिहिला नाही.
दुसरी धवलारीण शोधतेय. कल्याणकडची एक कळली होती, ती गेल्या वर्षी वारली. मावशी म्हणाली, "कशाला फिरतंस गो? आयशीनं सगला वनीला दिलाय." वनी म्हणजे आमची ताई. खरं आहे. आई ओळ गायची आणि ताई मागे बसून ती उचलायची, रीतच तशी. मी तेव्हा घरी पुस्तकात डोकं घालून. मला त्यातलं काही येऊ नये म्हणून मीच धडपडलेले.

१० फेब्रु. हळद.
ताई आली, आईला सांभाळायला, एवढंच. पाणी घरचं, खुर्ची मांडवाबाहेर. आईला सायलीच्या पाटाशी बसवलं. सायलीने फोन रेकॉर्डिंगला लावलेला.
आईने हात जोडले आणि गुरूंचा जप सुरू केला. खणखणीत. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पन्नास वर्षांचं गेलं आणि दोन वर्षांत घोकून घेतलेलं तेवढं राहिलं. ताईचं थोबाड फोडावंसं वाटलं.
मधेच आई थांबली. मागे हात केला. "वने, उचल गो." आणि आवतान लावलं. एकच ओळ.
ताईने उचलली. खुर्चीत बसल्या बसल्या, तोच जुना आवाज. मग तिच्या लक्षात आलं. उठली, आईचा दंड धरला, रिक्षा. सायली रडली. बाकीची हळद स्पीकरच्या गाण्यांवर लागली.

१२ फेब्रु.
ताईचा सकाळपासून तिसरा फोन. "ते रेकॉर्डिंग पुसून टाक. मला उद्या सत्संगात सगळ्यांसमोर चूक कबूल करायची आहे." म्हटलं, पुसते. ती ठेवेना. मग हळूच, आपल्या बोलीत, "पुसाचे आदी एकदा आयकव गो."
सायलीचा फोन माझ्या फोनला लावून ऐकवलं. आईची ओळ, मग तिची.  पलीकडून, ताईच्या मागून आईचं विचारणं ऐकू आलं, "कोन गाते गो?"
"कोनी नाय," ताई तिला म्हणाली. मग मला, "आता पूस."
हो म्हटलं. अजून पुसलेलं नाही.