सोडियमचं पान

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. माझा राग मात्र गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

जिवाणूच्या आत पोटॅशियम नेणारं ते प्रथिन पीएचडीसाठी तुम्हीच मला दिलं होतं. पेशीच्या पडद्यात बसलेलं, एरवी बंद. आतल्या बाजूने एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, चिकटलं की उघडतं, वापरून उरलेलं एडीपी चिकटलं की मिटतं, एवढंच आपण धरून चाललो होतो. मी ते शुद्ध करून चरबीच्या बारीक फुग्यांत बसवलं. एटीपी दिलं, तरी पोटॅशियम जेमतेम आत शिरलं. मग थोडं सोडियम घातलं आणि आलेख सरळ वर चढला. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

प्रबंधाचं ते प्रकरण लिहून मी एका रविवारी तुमच्या घरी आले. काकू स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्यात, आणि तुम्ही ओट्याला टेकून उभ्या उभ्याच कागद चाळताय. "हे सोडियमचं काय लिहून राहिली तू?" मी सांगायला लागते. "पोट्टे, तुया पाण्यातच घाण असंल. बाटल्या धुतल्या होत्या का नीट?" धुतल्या होत्या, सर. मी स्वतः, दर वेळी. "काट हे पान. परीक्षक मले विचारतीन, तुले नाही." काकू म्हणाल्या, "अवो, ऐकून तं घ्या तिचं." तुम्ही ऐकलं नाहीत. मी "हव सर" म्हटलं आणि पान काढून टाकलं.

पुढे परदेशात कुणीतरी तेच छापलं. एटीपीच्या जोडीला सोडियम बसलं की वाट पूर्ण मोकळी होते. त्याच आठवड्यात विभागाच्या बैठकीत तुम्ही उठून हसत म्हणालात, "ये तो हमारे यहाँ पहले ही दिख गया था." हमारे यहाँ! मी तिसऱ्या रांगेत बसले होते. बाहेर व्हरांड्यात तुम्हाला गाठून म्हटलं, "सर, ते पान तुम्हीच काढायला लावलं होतं." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे न बेटा, आपलंच तं आहे." आणि स्कूटर काढून निघून गेलात. आपलं? घाण वाटली तेव्हा पाणी माझं होतं, आणि खरं ठरल्यावर ते आपलं झालं?

आता मी नव्या रायपुरात शिकवते. दरवर्षी या प्रथिनाची आकृती फळ्यावर काढून खाली दुसऱ्यांची नावं लिहिते. खडू तुटतो इतका जोर लागतो. परवा सुट्टीत तुमच्या गावी आले, तर सदर बाजारात काकू भेटल्या. "तुये सर लय कौतुक करत तुयं," म्हणाल्या. हे पत्र त्यांच्या हाती देणं मला जमणार नाही.

एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक नव्हती. त्या रविवारी मी भांडले असते, तर प्रबंध आणखी वर्षभर लांबला असता, आणि मला तो कसाही करून संपवायचा होता. तुमच्या घरून ऑटोत बसले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.