दाराबाहेरचा भुंगा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज केंद्रातला पहिला दिवस. नवी वही, नवे बूट, आणि मावशीच्या मते नवं नाकसुद्धा, कारण सकाळपासून ते वरच आहे. असू दे. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बायकांसाठी हे केंद्र चालतं. मी इथे सहा महिने विनामोबदला समुपदेशनाचं काम शिकणार आहे. कॉलेजात वर्गात पहिली मीच आले होते, हे इथे लिहायला हरकत नाही. वही माझीच आहे.

जागा दुसऱ्या मजल्यावर, छोटीशी. पॅसेजच्या टोकाला टेबलाशी काकू बसतात. फोन घेतात, पाणी देतात, आणि आलेल्या कुणालाच नाव विचारत नाहीत. पॅसेजमध्ये समोरासमोर दोन खोल्या. प्रत्येकीत दोन खुर्च्या, एक दिवा, टिशूचा डबा. येणाऱ्या बाईची खुर्ची दाराजवळ, म्हणजे नको वाटलं तर तिला लगेच उठून जाता येतं. आपण आत, भिंतीकडे. दोन्ही दारांच्या मधे जमिनीवर डब्यासारखं एक गोल मशीन आहे. ते दिवसभर सूंऽऽ करत राहतं, म्हणजे आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही. काकू त्याला भुंगा म्हणतात.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे नुसतं बाई म्हणतात. त्यांनी दोनच नियम सांगितले. आत कुणी असताना भुंग्याला हात लावायचा नाही. आणि आत ऐकलेलं आतच ठेवायचं, मग ते घरी असो की वहीत. मी मान डोलावली.

माझ्याबरोबर आणखी एक मुलगी शिकायला आली आहे. इतकं हळू बोलते की पुढे वाकून ऐकावं लागतं. मी तिचं नाव मऊ ठेवलं. गरीब आहे बिचारी, टिकेल की नाही कुणास ठाऊक. माझी तिला मदतच होईल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पहिला आठवडा बाईंच्या शेजारी बसून नुसतं बघायचं होतं. आजपासून एकेक जण आमच्याकडे सोपवायला सुरुवात झाली. माझ्याकडे आली तिला मी स्वेटरवाली म्हणेन. निळा स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या, वय माझ्याएवढंच. पाऊण तास बसली आणि एक शब्द बोलली नाही.

मी मात्र बोलले. केंद्राची माहिती दिली, श्वासाचा व्यायाम शिकवला, भीती शरीरात कशी साठून राहते ते इतकं छान समजावलं की आमच्या सरांनी पाठ थोपटली असती. ती आपली दाराकडे बघत बसलेली. जाताना काकूंना एवढंच विचारलं, की तो सूं-सूं आवाज अजून मोठा करता येतो का.

मऊकडे आज आली ती बाई ढसाढसा रडून, हलकी होऊन गेली म्हणे. पहिल्याच दिवशी. काही जणांचं नशीबच जोरावर असतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

स्वेटरवाली आजही गप्प. अर्ध्या तासानं उठली आणि काकूंना म्हणाली, की त्या दुसऱ्या मुलीकडे बसले तर चालेल का.

बाई म्हणाल्या, तिचा हक्क आहे तो, मनाला लावून घेऊ नकोस. मी कशाला लावून घेऊ. मी हसून हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मग परत धुतलं.

मऊनं तिला आत नेलं. जाताना भुंग्याचं बटण पूर्ण फिरवून आवाज वाढवला आणि दार लावता लावता म्हणाली, "सावकाश. मी इथेच आहे." बस. एवढंच. हे काय शिक्षण झालं? स्वेटरवाली बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. बोलली होती. माझ्यापुढे जिची दातखीळ बसली होती, ती हिच्यापुढे बोलली.

माझ्या पोटात दुखतंय. लिहून टाकते, म्हणजे जाईल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गेलं नाही.

काकूंनी स्वतःच्या पाठीमागची उशी मऊला दिली, तिची पाठ दुखते म्हणून. माझी पाठ काय लोखंडाची आहे? बाई आज तिला म्हणाल्या, तुझ्यात जन्मजात आहे गं ते. मी शेजारीच उभी होते, कपाट असल्यासारखी.

कळस तर संध्याकाळी झाला. मऊ मला सोडायला घरापर्यंत आली, मावशीनं आत बोलावलं. मावशीला कानातलं यंत्र लावूनही दाराची बेल ऐकू येत नाही. मी तर तिच्याशी सदा ओरडूनच बोलते. आणि ही मऊ पुटपुटली, तर मावशीला शब्द न् शब्द कळला. ती गेल्यावर मावशी म्हणाली, किती गोड मुलगी, हिचं सगळं कसं नीट ऐकू येतं मला. मी जेवले नाही. मावशीच्या ते लक्षात आलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

केलं एकदाचं. स्वेटरवाली मऊकडे आत होती, बाई बाहेर गेल्या होत्या, काकू फोनवर. मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि भुंग्याचं बटण उलटं फिरवलं. थोडंसंच. मला फक्त कळायला हवं होतं, की मऊ असं काय करते.

काहीच करत नाही. मधेच हूं म्हणते. बोलते ती स्वेटरवाली.

ती भाड्यानं राहायची त्या घराच्या मालकाकडे प्रत्येक खोलीची किल्ली होती. मोठा जुडगा. तो पॅसेजमध्ये उभा राहायचा आणि ऐकायचा, ती आत आहे का. म्हणून ती खोकणंसुद्धा गिळायला शिकली. एकदा बहिणीशी फोनवर बोलताना तिला हसू आलं. ती हसली, आणि किल्ली फिरली.

तो मेला. या वर्षीच. सगळे म्हणाले, सुटलीस. पण ती सांगत होती, की किल्ल्या अजून येतात. जिथे ती बोलते तिथे दाराबाहेर येऊन थांबतात. इथे तेवढ्या येत नाहीत, कारण त्या सूं-सूं आवाजात त्याला ऐकू येत नाही.

अंगावर काटा आला माझ्या. आणि त्या काट्याखाली काय होतं, तर हे सगळं मला सांगायचं होतं तिनं. माझी होती ती आधी.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा भुंगाही बंद असतो. मी मऊच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि तिच्या खुर्चीत बसून म्हणून बघितलं. सावकाश. मी इथेच आहे. माझ्या तोंडी ते बस कंडक्टरनं म्हटल्यासारखं येतं.

मग दाराजवळच्या खुर्चीत बसले. स्वेटरवालीचं सगळं तिच्याच आवाजात म्हणून पाहिलं, जुडगा, पॅसेज, गिळलेला खोकला. सराव म्हणून. ती हसली, आणि किल्ली फिरली, इथवर आले आणि हसूनही दाखवलं, जरा मोठ्यानंच.

बाहेर किल्ल्या वाजल्या. काकू असतील म्हणून दार उघडलं तर पॅसेज मोकळा. काकू टेबलाशी डबा खात होत्या. म्हणाल्या, किल्ल्या दिवसभर ड्रॉवरमध्येच असतात, कुलूप फक्त संध्याकाळी लागतं.

सोमवार, १ डिसेंबर

बसमध्ये ऐकल्या. रांगेत ऐकल्या. मी कुणाशी बोलायला लागले की मागे कुठेतरी. गप्प बसले की बंद. लोकांच्या खिशात किल्ल्या असतातच, मी काही वेडी नाही.

संध्याकाळी मावशीला ओरडून भाजीचा भाव सांगत होते, तर ती मधेच म्हणाली, अगं, तुझ्याबरोबर कोण आलंय, बाहेर किल्ल्या वाजवत उभं आहे, आत तरी बोलव.

मावशी म्हणाली हे. जिला बेल ऐकू येत नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

स्वेटरवाली आज काकूंना बघून चक्क हसली. मऊ मला हळूच म्हणाली, तिला झोप लागायला लागली आहे. गेल्या गुरुवारपासून किल्ल्या एकदम बंद झाल्या तिच्या.

गुरुवारपासून.

बाईंनी मऊचा हात हातात घेतला. म्हणाल्या, इतक्या लवकर असं होताना मी फार क्वचित पाहिलंय. काकूंच्या डोळ्यांत पाणी. अहो, मी घेऊन आले त्या. माझ्या मागे आहेत त्या, माझ्या दाराबाहेर. मी ओझं उचललंय आणि श्रेय कुणाला, तर मऊला.

हे सांगायला तोंड उघडलं. काकूंच्या टेबलामागे किल्ल्या खुळखुळल्या. मिटलं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

बोलत नाही मी आता. माझ्याकडे आज एक वयस्कर बाई आल्या. मी पाऊण तास नुसती मान हलवली. त्यांनी आपलं मन मोकळं केलं, जाताना माझा हात दाबला. बाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, शेवटी ऐकायला शिकलीस गं.

महिनाभर या एका वाक्यासाठी जीव टाकला. आणि आता साधं थँक्यू म्हणायची सोय नाही.

भुंगा चालू असताना मी खोलीत असले की येत नाही तो घरमालक. घरी भुंगा नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

पहाटे झोपेत बोलले बहुतेक. जाग आली ती कुलपात किल्ली शिरल्याच्या आवाजानं. फिरली नाही. नुसती आत. मावशी शेजारच्या खोलीत घोरत होती, यंत्र काढून ठेवून.

आज जेवणाच्या सुट्टीत मऊनं विचारलं, तुला बरं नाही का, काही सांगायचंय का. इतकं मऊ विचारलं, की रडू फुटेल असं वाटलं. सांगितलं असतं. पण सांगायचं कुठे, भुंगा तर बंद —

आणि सांगायचं का म्हणून? मग ती मलाही बरं करणार. सगळे टाळ्या वाजवणार.

मंगळवार, ९ डिसेंबर

खोकला दाबते. शिंक दाबते. स्वेटरवालीनं हे किती वर्षं केलं?

हे मी आज पहिल्यांदा विचारलं. स्वतःलाच. मनातल्या मनात.

बुधवार, १० डिसेंबर

दुपार. माझ्या खोलीत आहे. कुणी यायचं नाही आज माझ्याकडे.

पॅसेजमधला भुंगा उचलून आत आणलाय. पायाशी ठेवलाय, बटण पूर्ण. काकू बँकेत गेल्यात, बाई मीटिंगला. कुणी बघितलं नाही. दार लावलं. आता माझा श्वाससुद्धा ऐकू जाणार नाही त्याला. हुडकू दे. जीव भांड्यात पडला.

—

बराच वेळ गेला. बघावं म्हणून भुंगा क्षणभर बंद केला.

किल्ल्या माझ्या दाराबाहेरच आहेत. पण हलतायत. जागच्या जागी, कान टवकारल्यासारख्या.

समोरच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतंय मला. शब्द न् शब्द. मऊची हूं. आणि स्वेटरवाली. आज बुधवार. आज तिचा दिवस, मी विसरले. पॅसेजमध्ये भुंगा नाही. मी आणला. मीच —

ती बहिणीबद्दल सांगतेय. काहीतरी गंमत. हसली. मोकळी, मोठ्यानं हसली.

किल्ल्या माझ्या दारापासून निघाल्या.

—

देवाशपथ, आधी काय वाटलं ते लिहिते. हेवा वाटला. त्यालाही तिकडेच जायचंय. माझ्या दाराशी इतके दिवस उभा राहिला आणि मऊच्या खोलीतून आवाज येताच —

मग कळलं, मला काय वाटलं ते.

भुंगा परत नेऊन ठेवायचा तर पॅसेजमध्ये जावं लागेल. तो तिथेच आहे. समोरच्या कुलपात काहीतरी शिरलं. त्या दोघी अजून हसतायत. तिची खुर्ची दाराजवळ. अगदी दाराजवळ —

ओरडले तर वळेल. बोलले तरी वळेल.

—

दाराच्या फटीला तोंड लावून म्हटलं. सावकाश. मी इथेच आहे.

मऊसारखं आलं. पहिल्यांदाच.

समोरची किल्ली थांबली. निघाली कुलपातून. त्या दोघींना काहीच कळलं नाही, बोलतायत अजून, बोलू दे —

परत म्हटलं. सगळं सांगते म्हटलं. माझंच, माझं स्वतःचं.

वळला. येतोय. थांबला. दाराशी. इतकं मन लावून माझं कधी कुणी ऐक