नाण्याशेजारची जखम

मिलवॉकी,
रविवार, १२ जानेवारी

प्रिय हेलमी,

तुमच्याकडे बर्फ कमरेला लागला असेल. इथे नुसती बोचरी थंडी आहे. माझं बरं चाललंय. तू तब्येत सांभाळ.

रविवार असूनही प्रयोगशाळेत आलोय. घरी तरी कोण वाट बघतंय? बशीत त्वचेच्या पेशींचा पातळ थर वाढवायचा, त्यावर ओरखडा काढायचा आणि तो कसा बुजतो ते बघत बसायचं, हाच माझा उद्योग. कडेच्या पेशी एकमेकींना रेणूंचे निरोप धाडतात: चला, पुढे सरका. फट मिटली की थांबायचाही निरोप येतो. मधुमेह्याच्या जखमेत हे निरोपच बिघडतात. सूज ओसरत नाही, कडेच्या पेशी जागच्या हलत नाहीत.

आपल्या आईच्या पायाची जखम चिघळली तेव्हा फोनवर तुला हेच व्याख्यान दिलं होतं. तू म्हणालीस, "आर्वो, तुझं शहाणपण पुरे. गाडी काढ आणि ये." मी म्हणालो, "दर आठवड्याला फोटो पाठव. जखमेशेजारी नाणं ठेव, म्हणजे मला मोजता येईल." तू न चुकता पाठवलेस. पाचव्या आठवड्यात माझा आलेख एकदम खाली आला. जखम जवळजवळ निम्मी! मी खूश झालो. "डॉक्टरची घाई नको," असं मीच तुला सांगितलं.

आईच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना लेम्पी मावशी सगळ्यांदेखत तुला म्हणाली, "एका घरात राहून आईचा पाय तुला दिसला नाही होय गं?" तू माझ्याकडे बघितलंस. मी कपात बघत राहिलो.

मला तेव्हा सगळं ठाऊक होतं, हेलमी. आदल्याच दिवशी मी ते फोटो पुन्हा काढून बघितले होते. पहिल्या चारांत दहा सेंटचं नाणं आहे. पाचव्यापासून पाव डॉलरचं, चांगलं मोठं. मी तेही दहा सेंटचंच धरून मोजलं, म्हणून जखम लहान भरली. हाताला येईल ते नाणं तू ठेवलंस. एकच ठेव, असं मी कुठे सांगितलं होतं? जखम तसूभरही भरली नव्हती. मी नुसत्या कडा मोजत बसलो. नाणं कुठलं ते पाहिलं नाही आणि आईचा पायही धड पाहिला नाही.

तीन वर्षं तुझ्यावर आळ राहू दिला. मला लाज वाटते.

मावशीला आजच सगळं लिहून कळवलंय. शनिवारी गाडी काढतोय. तू दार उघडलंच पाहिजेस असं नाही, मी ओट्यावर थांबेन.

तू बोलावलंस तेव्हा न आलेला,
आर्वो