बेंझीनने धुतलेले हात

मी, अ‍ॅग्नेस लुंडक्विस्ट, वय ५१, रसायनशास्त्राची प्राध्यापिका, राहणार केंडल्स फोर्ड, ओहायो, लिहून ठेवते की माझे रक्त बिघडले आहे, डोके नाही. डॉक्टरांनी दोन्ही तपासले. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. मरणाबाबत तसे म्हणता येणार नाही.

१. घर व बँकेतील शिल्लक माझी मुलगी थिया, वय १६, हिला. तिचे वडील युद्धात गेले. ती सज्ञान होईपर्यंत माझा भाऊ ऑरिन तिचा पालक राहील.

२. काचेची भांडी, तराजू, पुस्तके कॉलेजला. तिथे पहिल्याच तासाला मी बजावत असे, "मुलींनो, भांड्यात नाक खुपसू नका, हाताने वारा घेऊन वास घ्या." नाकाला एवढे जपणारी मी, हात मात्र रोज बेंझीनने धुवत होते. डांबर, राळ चटकन निघे. आम्ही सगळेच धुवायचो. तेच रक्तात उतरले, असे डॉक्टर म्हणतात.

३. विभागप्रमुख प्रा. प्रुइट यांना माझे केकचे भांडे. माझ्या बढतीच्या बैठकीत ते म्हणाले होते, "बाईंचा हात केकमध्येच जास्त चांगला." त्यांनी माझा केक कधी खाल्ला नव्हता. शोधनिबंधही वाचले नव्हते.

४. थियाला रसायनशास्त्रच शिकायचे आहे. रविवारी माझ्या खाटेशी ऑरिन तिला म्हणाला, "पोरी, त्या धंद्यानं तुझ्या आईला गिळलं. प्रवेशाच्या कागदावर मी सही करणार नाही."

"मामा, मक्याच्या यंत्रानं तुमची दोन बोटं खाल्ली. शेती सोडलीत?"

"शेतीवर पोट असतं, बाई!"

"आणि आई काय मिरवायला जात होती?"

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी झोपेचे सोंग घेतले. कारण मलाही नाहीच म्हणायचे होते. तिने पियानो शिकवावा, टपाल कचेरीत लागावे, काहीही करावे, पण म्हातारी व्हावे.

तरीही ऑरिनने सही करावी. न केल्यास पालकत्व माझी जुनी विद्यार्थिनी रूथ एबरली हिच्याकडे जावे. ही धमकीच आहे, ऑरिन. विनंती तुला कधी कळली नाही.

५. थियाला रबरी हातमोजे. माप घ्यायला तिचा हात धरला, तर म्हणाली, "अंगठी करतेयस का गं?" मी हो म्हटले. हातमोजे फाटले की लगेच टाकून द्यावेत. आईची आठवण म्हणून ठिगळ लावू नये.

सही : अ‍ॅग्नेस लुंडक्विस्ट
केंडल्स फोर्ड, १७ ऑक्टोबर १९५६

आमच्यासमक्ष, स्वतः उठून बसून सही केली :
व्हर्ना हॉलोवे, परिचारिका
एल्मो स्ट्रिकलर, शेजारी